आम्ही राहीचे

फेब्रुवारी सरत आला की माझ्या मनगटांना खाज सुटते. नवीन जालन्यात तिसऱ्या मजल्यावर राहते मी; खाली ऑटोंची कलकल, समोर बँक, बाजूला बियाण्याच्या कंपनीचं गोदाम. इथून ज्वारीचं एक ताट दिसणार नाही. तरी सुटते. डॉक्टर म्हणतात, हवेतल्या धुळीची ॲलर्जी. असेलही. मला मात्र ठाऊक असतं, की तिकडं मंठ्याच्या पुढं आमच्या वाडीच्या शिवारात शाळू वाळून पांढरा पडला आणि बायांनी उपटायला हात घातला. लहानपणी कणसं मोडताना जो बारीक कोंडा बाह्यांमधून आत शिरायचा, तो बहुधा पुरता बाहेर निघालाच नाही.

सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी डोक्यावर पदर, असे ते दिवस. मंठा रोडला पळस फुललेला. चिंचा गाभुळलेल्या. काळ्या रानाला भेगा पडायला लागतात आणि उपटताना तुटून राहिलेली धसकटं चप्पल फोडून तळपायात घुसतात. शहरातल्या माणसांना सुगी म्हणजे आनंदीआनंद वाटतो. आमच्याकडं सुगी म्हणजे पाठ मोडणारं काम, आणि मोडल्या पाठीनं बांधावर हसत बसलेल्या बाया.

यंदा खाज सुटली आणि काही वर्षांपूर्वीची ती सुगी पुन्हा अंगावर आली. त्या सुगीत मी माझ्या माहेरच्या गावाशी भांडले आणि मला माझे पूर्वज सापडले. दोन्ही एकदमच झालं. पूर्वज शोधायचे तर बहुतेक भांडावंच लागतं.

आमच्या गावाचं नाव राहीची वाडी. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की बाभळी, मग एक नाला, मग घरं. निम्म्याहून जास्त घरं एकाच आडनावाची. सारे शेतीवाले, आता त्यातले पुष्कळ पुण्या-जालन्याला नोकऱ्यांवर. लहानपणी शाळेत मुली चिडवायच्या, "राहीच्या वाडीची आली, राहीच्या वाडीची." त्यात चिडवण्यासारखं काय होतं ते मला कळत नव्हतं. चिडवणाऱ्यांनाही कळत नसावं. नावाला एक हसू चिकटलेलं होतं, आणि ते कुणी चिकटवलं हे कुणी सांगत नव्हतं.

माझा चुलतभाऊ बाळासाहेब, आमचा दादा, गावातला वजनदार माणूस. वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे दादाचंच घर. माझे यजमान वारले तेव्हा जालन्याला आठवडाभर माझ्या दारात खुर्ची टाकून बसला होता तो, बोलायला आलेल्या प्रत्येकाला चहा पाजत. म्हणजे माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. तर त्या वर्षी गावाच्या तोंडाशी कमान बांधली गेली. सिमेंटची, दोन हत्ती, वर कमळ. नाव घालायची जागा मोकळी होती. मी सुगीला गेले, तर अंगणात खुर्च्या मांडून चार माणसं बसलेली आणि दादा त्यांना समजावून सांगत होता.

"राहीची न्हाईच मुळात. रायाजीची. रायाजीचं झालं राहीजी, राहीजीचं राही. अडाणी लोकायच्या तोंडात नाव झिजतं."

"कोण रायाजी?" मी पिशवी खाली ठेवत विचारलं.

"आपला मूळपुरुष. घोड्यावर आल्ता. तलवार घिऊन."

"कुठून?"

"पुन्याकडून."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? मूळपुरुषाबिगर गाव ऱ्हातं का कुठं? इथं समदा ओसाड माळ व्हता. रायाजीनं वसवला. ग्रामसभेत ठराव घेऊन राह्यलो आपण. रायाजीनगर."

चहा घेऊन आलेली वहिनी दारात थबकली. वहिनीचं नाव कौसल्या, गाव तिला कौसाबाई म्हणतं. डोक्यावरचा पदर आयुष्यात कधी कानामागं सरकला नाही तिचा. तिनं माझ्याकडं एक नजर टाकली, ट्रे स्टुलावर ठेवला आणि आत गेली.

माणसं उठून गेल्यावर दादा हळू आवाजात म्हणाला, "नंदे, तुला काय सांगायचं. सोयरे इचारतात, ही राही कोन? कोन म्हून सांगू? लोक म्हंतात, कुन्या जहागीरदारानं ठेवलेली बाई. बाईच्या नावावर गाव असतं का? त्यात असल्या बाईच्या?"

आतल्या खोलीत मनीषा बसली होती. दादाची एकुलती एक लेक. नवरा परतूर रोडला मोटारसायकलच्या अपघातात गेला, आणि सासरच्यांनी वर्षभरात तिला तिच्या तान्ह्या मुलीसकट माहेरी आणून सोडलं. आता ती मुलगी तीन वर्षांची होती. परतूरच्या एका शिक्षकानं, ज्याची स्वतःची बायको आजारानं गेली होती, मनीषासाठी रीतसर निरोप पाठवला होता. माणूस चांगला, मनीषाच्या मनात होतं. दादानं एका वाक्यात परतवला होता. "आपल्या घराण्यात बाईचं दुसरं लग्न झालेलं न्हाई. रायाजीपासून आजपोतर न्हाई."

म्हणजे रायाजी अजून कमानीवर चढला नव्हता, तोवर त्यानं एका जिवंत बाईची वाट अडवली होती.

मी सारी नोकरी जालन्यातच बियाण्याच्या कंपनीत केली. ओल्या कागदावर बी मांडायचं, कोंब मोजायचे, वाण शुद्ध आहे की नाही ते पाहायचं. तिथं एक रीत आहे. संकरित वाणाची वंशावळ लिहिताना आधी मादीचं नाव लिहायचं, मग फुली, मग नराचं. जगभर हीच रीत. बी धरते ती मादी, म्हणून तिचं नाव आधी. एवढी सरळ गोष्ट. तीस वर्षं मी कपाशीच्या, ज्वारीच्या, मक्याच्या आया पहिल्या ओळीत लिहिल्या. आणि घरी आमच्या वंशावळीत बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. जणू हे सगळे एकमेकांच्या खांद्यातून उगवले. माझं नाव त्यात नाही, माझ्या आईचं नाही, वहिनीचं नाही. हे मी एकदा दादाला बोलून दाखवलं होतं. तो म्हणाला, "बियान्याची गोष्ट येगळी." मी म्हणाले, "हो, ती तपासून विकावी लागते."

त्या रात्री मुग्धाशी फोनवर बोलताना मी चिडूनच होते. मुग्धा माझी मुलगी. ऑस्ट्रेलियात एका छोट्या गावी दवाखान्यात नर्स आहे. ऑस्ट्रेलिया म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. ती आहे समुद्रापासून पार आत, गहू आणि मेंढ्यांच्या मुलखात. आपल्याकडं सुगीची थंडी असते तेव्हा तिच्याकडं उन्हाळा करपवत असतो. तिची घरमालकीण मार्गारेट, ऐंशीच्या घरातली. मुग्धा सांगायची, की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना पूर्वज शोधायचं वेडच आहे. कबरींवरचं शेवाळ खरवडतात, शेतांची जुनी नावं विचारत हिंडतात, कोणतं घराणं कोणत्या ओढ्याकाठी पहिल्यांदा उतरलं यावर वाद घालतात.

मार्गारेटच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत, की आपली पहिली पूर्वज विलायतेहून आलेली शिक्षिका होती. मार्गारेटनं शोध घेतला, तर ती निघाली चोर. कापडाचा तागा चोरला म्हणून जहाजात घालून पाठवलेली, मिसरूडही न फुटलेल्या पोरांबरोबर आणलेली एक पोरसवदा कैदी. शिक्षा भोगून झाल्यावर तिनं जमिनीचा तुकडा धरला आणि तिथंच राहिली. मार्गारेटच्या आजीला हे माहीत होतं, पण तिनं ते मरेपर्यंत तोंडातून बाहेर काढलं नाही. मार्गारेटनं सरळ फाटकावर पाटी लावली. त्या मुलीचं नाव, आणि खाली 'कापड चोरल्याबद्दल इथे आणलेली, आमची आई'. आणि त्याच्याही खाली, की तिच्या आधीही या ओढ्याकाठी माणसं राहत होती आणि त्यांना कुणी विचारलं नाही. या खालच्या ओळीपासून मार्गारेटचा सख्खा भाऊ तिच्या घरी येत नाही.

"आई, ती म्हणते, पूर्वज निवडून घेता येत नाहीत," मुग्धा म्हणाली. "आले असते तर सगळ्यांनी राजेच घेतले असते."

"इथं घेऊनच राहिलेत," मी म्हणाले.

मुग्धा हसली, आणि मग तिनं विचारलं, "पण आई, आपली राही कोण होती गं?"

मला उत्तर आलं नाही. साठी जवळ आलेली बाई मी. ज्या गावचं पाणी पिऊन वाढले त्या गावच्या नावाचा अर्थ मला येत नव्हता. दादा निदान खोटं तरी सांगत होता. मी गप्प होते. त्या क्षणी मला दादापेक्षा त्या गप्पपणाचा राग आला.

आमच्या वाडीत एक गंमत आहे. दुधना नदीच्या काठी एक गाव आहे, त्याचं सरकारी नाव काहीतरी वेगळं आहे, आमच्याकडं ते कुणी घेत नाही. 'मामाचं गाव' म्हणतात. तिथली माणसं परतूरच्या बाजारात भेटली की आमच्या माणसांना 'काय भाचे' म्हणून हाक मारतात. त्या गावाशी आमची सोयरीक होत नाही. का, ते ठाऊक नाही. सारं गाव पिढ्यान् पिढ्या एका गावाला मामा म्हणतं, आणि मामा म्हटलं की मध्ये एक बहीण असावी लागते हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. त्या पहाटे आलं.

सकाळी चुलीपुढं वहिनीला म्हणाले, "मी मामाच्या गावाला चालले."

वहिनीनं भाकरी उलटली. "मीबी येते."

"दादाला काय सांगशील?"

"परतूरला भांडे घ्यायला चालले म्हनते. भांडे काय, कव्हाबी लागतात."

मंठ्याहून काळीपिवळी जीपमध्ये बसलो आम्ही, चौघांच्या सीटवर सहाजणी. दोन्ही अंगाला पांढरी कणसं डुलत होती, मध्येच उपटून झालेलं रान, त्यात कडब्याच्या पेंढ्या उभ्या. वहिनी खिडकीला चिकटून बसली होती. लग्न होऊन आल्यापासून ती नवऱ्याला खोटं सांगून कुठं गेली नव्हती. चेहऱ्यावर भीती नव्हती. पोरीसोरी जत्रेला निघतात तशी दिसत होती.

मामाच्या गावात विचारत विचारत आम्ही एका घरापुढं आलो. अंगणात एक म्हातारे गृहस्थ उन्हात पाटावर बसून दाढी करून घेत होते. अर्ध्या तोंडाला साबण. लोक त्यांना आबा म्हणत होते.

"कुठल्या बाया?" त्यांनी विचारलं.

"राहीच्या वाडीच्या," मी म्हणाले.

आबांनी न्हाव्याचा हात बाजूला केला. साबण तसाच ठेवून उभे राहिले, आणि आत तोंड करून ओरडले, "आगं ए, पानी आना! राहीच्या लेकी आल्यात!"

मी इतक्या गावांना गेले, पण असं स्वागत कधी झालं नाही. पायांवर पाणी, गूळ, चहा, पुन्हा चहा. घरातल्या बाया भोवती कोंडाळं करून बसल्या. आबांनी अर्धी दाढी करायची राहिली ती राहिलीच.

"राही आमच्या घरची लेक," ते सांगू लागले. "माझ्या आज्याच्या आज्याची बहीन म्हना. नवरा मेला तव्हा पोरच व्हती, इथं आनून ठिवली. मंग पोटाशी राह्यली. पंच बसले. बाप कोन सांग म्हनले. तिनं न्हाई सांगितलं. मारलं, तरी न्हाई सांगितलं. एवढंच म्हनली, लेकरू माझं हाय. पंचायनं सांगितलं, इहीर हाय न्हाई तर वाट हाय. तिनं वाट धरली. सुगीचेच दिवस व्हते. एक कालवड आन् पदरात ज्वारी घिऊन निघाली. भाऊ शिवेपोतर गेल्ता संगं. तिथून माघारी आला."

"का आला माघारी?" वहिनीनं विचारलं. तिचा आवाज मला अनोळखी वाटला.

आबांनी गालावरचा वाळलेला साबण हातानं पुसला. "भ्याला, बाई. दुसरं काय."

मग ते म्हणाले, "तिकडं पूर्णेच्या अंगाला माळावर मातंगायची वस्ती व्हती, तुमच्या नाल्यापल्याड. त्यायनं तिला पानी दिलं, खोपट घालून दिलं. बाळंतीन झाली तीबी तिथंच. त्या लेकराचे तुम्ही."

म्हणजे माळही ओसाड नव्हता. नाल्यापल्याडची वस्ती, जिला आमच्या लहानपणी 'गावाभाईर' म्हणत, ती गावाच्या आधीची होती. गाव नंतर आलं आणि आल्या आल्या त्यानं आधीच्या माणसांना बाहेरचं ठरवलं. मला मार्गारेटच्या पाटीवरची खालची ओळ आठवली, आणि मान वर करता येईना.

निघताना घरच्या सुना ओटीचं ताट घेऊन आल्या. नवी ज्वारी, खण, नारळ. वहिनीची ओटी भरली. मी मागं सरले. सवयच ती, यजमान गेल्यापासून अशा वेळी मी आपोआप मागं सरते, कुणाला सांगावं लागू नये म्हणून. आबांची थोरली सून ताट घेऊन माझ्यापुढं आली.

"माझं नको," मी म्हणाले. "मी..."

"ठावं हाय," ती म्हणाली. "कपाळ दिसून राह्यलं की. राहीबी नवरा मेलेलीच व्हती. तिची वटी भरली न्हाई ह्या घरानं. आता तुमी पदर पसरा."

मी पदर पसरला. ज्वारी पडताना आवाज झाला तेवढाच. घरी जाईपर्यंत काळीपिवळीत मी ती ओटी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि मला रडू येत नव्हतं. उलट पाठ ताठ होत चालली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं, की मी एका घराण्याची टाकून दिलेली फांदी आहे. तर खोडच निघालं माझ्यासारखं.

दादा शेतात होता. बाया ओळीनं ज्वारी उपटत होत्या, दादा कडब्याच्या पेंढीवर बसून लक्ष ठेवत होता. मी सगळं सांगितलं. बांधावर उभी राहून, मोठ्यानं, बायांना ऐकू जाईल असं.

दादा पेंढीवरून उठला. "हळू बोल."

"का?"

"नंदे, डोस्कं फिरलं का तुझं? मंग आपन कोन? बिनबापाचे?"

"हो दादा. आईचे."

"हे भाईर गेलं तर तोंड दाखवता येनार न्हाई मला."

"आजवर जे तोंड दाखवत आलास ते राहीचंच आहे."

त्यानं मला त्या संध्याकाळी जेवायलाही बोलावलं नाही. ताट वहिनीनं वाढलं. मनीषा समोर बसून तिच्या मुलीला दूधभाकरी भरवत होती. तिनं सारं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आत्या, राही एकटीच गेल्ती का?"

"शिवेपर्यंत भाऊ होता."

"म्हंजे एकटीच," मनीषा म्हणाली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. पुरुष सतरंज्यांवर, बाया व्हरांड्यात. बाया थेट रानातून आल्या होत्या. डोक्याला फडकी, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, मनगटांवर ओरखडे. दादानं रायाजीची गोष्ट सांगितली. घोडा, तलवार, ओसाड माळ, सगळं. बऱ्यापैकी सांगितली. टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. ठराव वाचणारा माणूस नम्रपणे म्हणाला, "ताई, तुमचं नाव इथल्या यादीत न्हाई. तुम्ही जालन्याच्या. सभेत तुम्हाला बोलता येत न्हाई."

खरं होतं ते. लेक म्हणून जन्मले त्या गावात मला बोलायचा हक्क नव्हता आणि सासरच्या वंशावळीत मला नाव नव्हतं. मी उभीच राहिले. बसले नाही, बोलले नाही.

तेव्हा माझ्या मागं बांगड्या वाजल्या आणि वहिनी उठली.

"मंग मी बोलते. माझं नाव हाय यादीत."

दादानं वळून पाहिलं. सारं पटांगण वळलं.

"मी ह्या गावात सून म्हून आले, तव्हापून कव्हा बोलले न्हाई. आज बोलून राह्यले. मी मामाच्या गावाला जाऊन आले. रायाजी कोनी न्हाई. राही व्हती. नवरा मेल्यावर पोटाशी राह्यली म्हून गावानं हाकलली. इथं आली, लेकराला जन्म दिला, रान फोडलं. तुमी समदे तिचे. मी जिच्या घरात भाकरी थापते ते घर तिचं. तिची लाज वाटून राह्यली ना तुम्हाला? बराबर हाय. ज्याला लाज वाटती त्यानं तिचं रान सोडावं. नाव नको आन् रान पाह्यजे, असं कसं चालंल?"

कुणीतरी "कौसाबाई, बसा," म्हणालं.

"न्हाई बसत. माझ्या घरात एक लेक बसली हाय. तिला तिच्या बापानं वाट बंद केली, ह्या रायाजीचं नाव सांगून. मी तिला इहीर दाखवनार न्हाई. आन् मी शिवेवरून माघारी फिरनार न्हाई. झालं माझं."

ती बसली. बसताना तिचा पदर खांद्यावर आला होता. तिनं तो वर घेतला नाही.

ठरावावर हात वर करायला सांगितले. रायाजीनगरला थोडे हात आले, तेही अर्धे. राहीच्या वाडीला व्हरांड्यातून मातीचे हात वर गेले, एक मागून एक, म्हाताऱ्या, सुना, सगळ्या. मग पुरुषांतूनही गेले. मोजायची गरजच पडली नाही. दादा उठला, टोपी नीट केली आणि कुणाकडं न बघता निघून गेला.

सभा संपते न संपते तोच नाल्यापल्याडच्या वस्तीतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "कमानीवर राहीचं नाव लिवा, चांगलंच हाय. पन तिला पानी कोनी दिलं तेबी लिवा." आत्ताच धीट झालेले कितीतरी चेहरे खाली गेले. 'बघू', 'पुढच्या सभेत घेऊ', अशी कुजबुज झाली. ती ओळ अजून लिहिली गेलेली नाही. दर सभेला मी जाते. बोलता येत नाही, म्हणून उभी राहते. ते गृहस्थ बोलतात, वहिनी बोलते. भांडण चालू आहे आणि ते संपवायची मला मुळीच घाई नाही. संपेल ते लिहूनच संपेल.

कधीकधी वाटतं, मुळं शोधण्याचं हे वेड लोकांना नेमकं कशासाठी लागतं? मोठेपणासाठी लागत असेल तर ते न शोधलेलंच बरं. खणत गेलं की खाली राजा कधीच सापडत नाही. सापडते एखादी कापड चोरलेली पोर, एखादी हाकललेली बाई, आणि तिच्याखाली अजून कुणीतरी, जिचं नावही उरलेलं नाही. मला हे कळल्यापासून फार हलकं वाटतं. घराण्याचं नाव राखायचं ओझं गेलं. राखण्यासारखं होतं ते एका बाईचं धाडस, आणि धाडस कपाटात ठेवून राखता येत नाही.

चैत्रात मनीषाचं लग्न झालं. अंगणातच मांडव, मोजकी माणसं. दादानं वहिनीला सांगितलं, "करा तुमी. मी न्हाई." आणि सकाळीच मळणीयंत्राकडं निघून गेला. त्याची घरघर मांडवात ऐकू येत होती. नवरदेव, परतूरचा तो शिक्षक, साधा माणूस, घामानं डबडबलेला, मनीषाच्या मुलीला कडेवर घेऊन उभा. ती त्याच्या मुंडावळ्या ओढत होती.

गुरुजींनी विचारलं, "कन्यादान कोण करणार?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं, मी वहिनीकडं. गुरुजी अडखळत म्हणाले, "मामा, काका, कोणी तरी..."

"दान नको," मनीषा म्हणाली. "मी चालत आलेय. तुमी पुढचं म्हना."

गुरुजींनी पंचा सावरला, घसा साफ केला आणि पुढचं म्हटलं.

पंगत बसली तेव्हा यंत्राची घरघर थांबली. थोड्या वेळानं दादा आला. डोक्यापासून पायांपर्यंत भुसकटानं भरलेला. हौदावर हातपाय धुतले, तोंड पुसलं. कुणाशी बोलला नाही. वहिनीपुढं जाऊन उभा राहिला आणि तिच्या हातातली वरणाची बादली घेतली. ओळीनं वाढत निघाला. जावयाला वाढलं. मातंग वस्तीतून आलेल्या माणसांना वाढलं. मामाच्या गावाहून आलेल्या आबांना दोनदा वाढलं. माझ्यापाशी आला तेव्हा मान खालीच. पळीभर वरण माझ्या भातावर पडलं आणि तो पुढं सरकायला लागला.

"आणखी वाढ, दादा," मी म्हणाले.

तो थांबला. माझ्याकडं बघितलं नाहीच. पण पळी पुन्हा बादलीत बुडाली, आणि या वेळी त्यानं ती काठोकाठ भरून काढली.